कोरडं पीठ आणि माझे हात

कोरडं पीठ दिसलं की माझे हात मला विचारत नाहीत. डोळे पाहतात, मन भलतीकडेच कुठंतरी असतं, आणि हात तेवढ्यात पाण्याचा तांब्या शोधायला निघालेले असतात. लग्न होऊन आर्वीला आले तेव्हा घरात अकरा माणसं होती. रोज सकाळी शाळेत शिकवायला जाण्याआधी कणकेचा एक डोंगर माझ्या वाट्याला यायचा. त्या वर्षांनी मला दोनच गोष्टी दिल्या, दणकट मनगटं आणि ही खोड. एकदा नणंदेकडे कारंज्याला गेले होते. तिनं लाडवांसाठी तासभर भाजून ठेवलेलं बेसन मी, तिला जरा मदत म्हणून, पिठलं करायला पाण्यात कालवून टाकलं. नणंद स्वभावानं चांगली आहे, अजून बोलते माझ्याशी. फक्त मी येणार असले की तिचे डबे वरच्या फळीवर जातात.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात माझा दोष किती आणि हातांचा किती, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

आमची मुलगी पुण्यात नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा फराळाच्या ताटावरच तिनं सांगितलं की तिनं मुलगा पसंत केलाय. मी विचारलं, काय करतो. ती म्हणाली, इंजिनिअर. माझा जीव भांड्यात पडला. मग करंजीचा एक तुकडा मोडत ती हळूच म्हणाली, "होता." दोन वर्षांपूर्वी त्यानं नोकरी सोडली आणि एका मित्राच्या गॅरेजमध्ये भट्टी लावून पाव, केक, बिस्किटं करायला लागला. आता स्वतःचं दुकान आहे.

माझे यजमान एसटीच्या डेपोत गाड्या दुरुस्त करतात. बोलणं कमी. त्यांनी चहा पूर्ण संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "दादाले विचारा."

दादा म्हणजे माझे भासरे, यजमानांचे थोरले भाऊ. मुलगी त्यांना मोठेबाबा म्हणते. घरात सरकारी कचेरीत खुर्चीवर बसलेला पहिला माणूस तोच. धाकट्या भावाचा डेपोतला अर्ज त्यांनी लिहिला, माझ्या शिक्षिकेच्या नोकरीचे कागद त्यांनी लावले. मुलीच्या प्रवेश परीक्षेच्या दिवशी तिला वर्ध्याला ते घेऊन गेले आणि पेपर संपेपर्यंत कडुनिंबाखाली पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसून राहिले. आता निवृत्त आहेत, दोन गल्ल्या सोडून राहतात, पण आमच्या घरात त्यांच्या शब्दाशिवाय सोफासुद्धा भिंत बदलत नाही. मुलगी म्हणाली, मोठेबाबा नाही म्हणाले तर मी हे लग्न करणार नाही. आणि मग दुसऱ्या कुणाशीही करणार नाही. दोन्ही वाक्यं तिनं एकाच दमात आणि इतक्या शांतपणे सांगितली की मला तिच्या जागी तिचे मोठेबाबाच दिसले.

भासऱ्यांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी येऊन ओसरीत बसले.

"आपल्या घरचे लोकं पिढ्यान्‌पिढ्या उभ्यानं काम करत आले," ते म्हणाले. "मी पह्यल्यांदा खुर्चीवर बसलो. आन् ह्या पोराले खुर्ची भेटली, तं हा ते सोडून भट्टीपुढं जाऊन उभा राह्यला. काऊन?"

मी चहा गाळत होते, तो गाळतच राहिले.

शेवटी त्यांनी अट घातली. मुलानं इथं यावं आणि जे काय तो करतो ते आमच्या घरी, आमच्या ओट्यावर करून दाखवावं. दुकानातून खोक्यात बांधून आणलेलं चालायचं नाही. संक्रांतीनंतरचा रविवार ठरला, दुपारी चार. भासऱ्यांचे चार म्हणजे पावणेचार, हे मी मुलीला वेगळं बजावून ठेवलं.

मुलगी आदल्या दिवशीच आली होती, मुलगा सकाळच्या गाडीनं आला. साताऱ्याकडचा, अंगानं किरकोळ, पाठीवर पिशवी. माझ्या मनात बेकरीवाला म्हणजे पोट सुटलेला, बनियनवर पीठ सांडलेला असा काहीतरी माणूस होता. हा तर आमच्या शाळेतल्या नव्या गुरुजींसारखा दिसत होता. माझ्या पाया पडला, यजमानांच्या पाया पडला, आणि तिसरं वाक्य बोलला ते असं: "काकू, तुमच्याकडे आत्ता कोणती फळं ताजी मिळतात?"

मी त्याला फळं दाखवली. सफरचंदं बाजारातून आणलेली होती. बोरं आंजीहून, माझ्या माहेरून, भावानं आदल्या दिवशी पाठवलेली. गावरान बोरं, लहान, तांबूस, तोंडात टाकली की एक डोळा आपोआप मिटतो अशी. त्यानं एक खाल्लं. त्याचे दोन्ही मिटले.

तो क्रम्बल करणार होता. मुलीनं मला ते आधी फोनवर समजावलं होतं. खाली फळं शिजतात, वर पिठालोण्याचा चुरा भाजला जातो, आणि ते बशीत चमच्यानं वाढायचं. दिसायला ओबडधोबड, त्यात सजावट वगैरे काही नाही. पुण्यात तो त्यात डब्यातल्या, बर्फात गोठवलेल्या परदेशी बेऱ्या घालतो. "इथं एवढी ताजी बोरं असताना त्या कशाला?" तो म्हणाला. मला हे बोलणं आवडलं. माझ्या माहेरच्या बोरांचं कौतुक केलेला माणूस मला सहसा वाईट वाटत नाही.

आम्ही चौघं बोरांच्या बिया काढायला बसलो. हे काम कुणी कधी करू नये. एका बोरातून जेवढा गर निघतो, त्याच्यापेक्षा जास्त बोटांना चिकटतो. यजमान मांडी घालून शेजारी बसले होते, आणि त्यांच्या वाटीतला गर वाढतच नव्हता. मी पाहिलं तर ते एक बोर वाटीत टाकत होते आणि दोन तोंडात. भावी जावयासमोर काही बोलताही येईना. मुलगा मात्र त्यांच्याकडं बोरं सरकवत राहिला.

मग त्यानं सफरचंदाच्या फोडी केल्या, त्यात बोरांचा गर, किसलेला गूळ आणि थोडी सुंठ घालून झाकून ठेवलं. त्यानंतर मैदा, साखर आणि फ्रीजमधलं घट्ट लोणी घेतलं, आणि बोटांच्या टोकांनी, नुसत्या टोकांनी, ते एकमेकांत चोळायला लागला. तळहात लागू देत नव्हता. लोण्याची सगळी वडी त्यात गेली. मी बाजूला उभी राहून हात पदरात गुंडाळून ठेवले होते.

आता भाजायचं होतं आमच्या गोल ओव्हनमध्ये. तो मी वीस वर्षांपूर्वी हौसेनं घेतला होता. त्यात एकदा केक केला, आणि तो केक कसा झाला हे आमच्याकडे कुणी काढत नाही. तेव्हापासून त्यात लाइटची बिलं, थर्मामीटर आणि शिवणाचे दोरे राहतात. मुलीनं ते सगळं काढलं, ओव्हन पुसला, वायर लावली, तर पिन जळालेली. यजमान उठले. गाडी असो की ओव्हन, नादुरुस्त वस्तू दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर रंग येतो. पिन आणायला ते बाजारात निघाले, मुलाला आर्वी दाखवायची म्हणून सोबत घेतलं, आणि त्या दोघांना एकटं सोडायला नको म्हणून मुलगीही गेली.

जाताना मुलगा दारातून वळून म्हणाला, "काकू, ते पीठ फ्रीजमध्ये ठेवलंय. असंच राहू द्या."

घरात मी एकटी. वाजले होते अडीच.

चहाला दूध किती आहे ते बघायला मी फ्रीज उघडला, हे मी शपथेवर सांगते. समोरच त्याचं भांडं. झाकणी उचलली. आत ते पीठ, जसं पाहिलं होतं तसंच, सुटं, खडेखडे, मुठीत धरलं तर सांडणारं. गोळा म्हणून काही नाहीच. एवढ्या लांबून आलेलं पोर, पहिल्यांदा सासरच्या ओट्याशी उभं, आणि त्याचं पीठच जमून आलं नाही. आणि काही बोलला नाही बिचारा, झाकून ठेवलं. असंच राहू द्या म्हणाला. आता भासरे चार वाजता येणार आणि हे भांडं उघडणार. कचेरीत ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या फायलींतल्या चुका शोधल्या, त्यांना हे दिसल्याशिवाय राहील काय?

हातात दुधाचं पातेलं होतंच.

मी जीव लावून मळलं. असं पीठ मी माझ्या स्वतःच्या मुलीच्या बारशालाही मळलं नसेल. दहा मिनिटं ठोसे दिले, उलटंपालटं केलं, वरून तुपाचा हात फिरवला. कानाच्या पाळीसारखा मऊ, गुळगुळीत गोळा झाला. ओल्या फडक्यानं झाकला आणि परत होता तिथं ठेवला. मग चहाचं आधण मोजताना मी चक्क गुणगुणत होते. पोराची अब्रू वाचवली आणि त्याला कळणारही नाही, असं मोठं समाधान होतं ते. इतक्या वर्षांच्या शाळेत मला स्वतःबद्दल असं क्वचितच वाटलं असेल.

सव्वातीनला सगळे आले. यजमानांनी पिन बसवली, ओव्हन तापायला लागला, घरात जुन्या बिलांचा वास सुटला. मुलानं फ्रीजमधून भांडं काढलं, फडकं उचललं, आणि उभा राहिला.

मुलीनं त्याच्या खांद्यावरून डोकावलं. मग माझ्याकडं पाहिलं. कारंज्याची तिची आत्या वरच्या फळीकडं बघते तसं.

"आई, तू याला हात लावला?"

"जमून येत नव्हतं ते," मी म्हणाले. "दूध लावून दिलं थोडं."

ते जमून यायचंच नव्हतं, कोरडं सुटं राहिलं तरच त्याचा चुरा होतो, हे मुलीनं मला सांगितलं ते अगदी हळू आवाजात, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. लोणी संपलं होतं. मैदाही तेवढाच होता. मुलगा त्या गोळ्याकडं बघत होता. बोटानं दाबून पाहिलं त्यानं. म्हणाला, "काकू, मळलंय मात्र सुंदर." हे तो मनापासून म्हणत होता की मला सावरायला, ते मला कळलं नाही. पण मी खाली बघितलं ते बघितलंच.

तेवढ्यात फाटक वाजलं. साडेतीनलाच.

भासरे आत आले, चपला जोडीनं ठेवल्या आणि ओसरीत न बसता सरळ स्वयंपाकघरात आले. यजमानांनी पुढं केलेल्या स्टुलावर बसले. मुलगा पाया पडला, "नमस्कार सर" म्हणाला. भासऱ्यांनी मान हलवली. त्यांची नजर ओट्यावरून फिरत आली आणि गोळ्यावर थांबली.

"हे काय होय?"

"वरचा थर करायचा होता, सर," मुलगा म्हणाला. "माझी चूक झाली. दुसरं करतो."

माझी चूक, म्हणाला तो. मला सोडवण्यासाठी त्यानं स्वतःचं नापास होणं पुढं केलं होतं, तेही ज्या माणसासमोर त्याला पास व्हायचं होतं त्याच्याचसमोर. भासऱ्यांच्या भुवया वर जायला लागल्या होत्या. मला एवढंच दिसत होतं की अजून क्षणभर मी गप्प बसले तर माझ्या मुलीचं लग्न माझ्या मनगटांनी मोडलेलं असेल.

"त्याची नाही, माझी चूक आहे, भाऊजी," मी म्हणाले. "त्यानं राहू द्या सांगितलं होतं. मी दूध घालून मळलं."

भासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आमच्यात समोरासमोर बोलणं बेताचंच. "कारंज्याच्या बेसनासारखं?" त्यांनी विचारलं.

म्हणजे ती गोष्ट त्यांच्यापर्यंत गेलेली होती. यजमान खोकले. त्या खोकल्यात हसू होतं हे मला लग्नाच्या अनुभवावरून कळतं.

मुलानं एव्हाना विचारायला सुरुवात केली होती. तूप आहे का? होतं. जानेवारीच्या थंडीनं बरणीत दगड झालेलं साजूक तूप. रवा? होता. कणीक तर आमच्याकडे कमी पडत नाही. कणीक, रवा आणि तूप, वर मूठभर गूळ. तो पुन्हा बोटांच्या टोकांनी चोळायला लागला. भासरे स्टुलावरून पुढं वाकून बघत होते. मी माझ्या शिक्षेची जागा स्वतःच निवडली होती, दाराजवळ, हात पाठीमागं, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखी.

चुरा तयार झाला. दाणेदार, कोरडा, बोटांतून सुटून पडणारा. मुलगा फळांचं भांडं पुसायला वळला, आणि मी पाहिलं.

भासऱ्यांचा हात. तो आपसूक उठला होता, आणि ओट्यावरच्या पाण्याच्या तांब्याकडं चालला होता.

"पाणी कमी पडलं याच्यात," ते स्वतःशीच म्हणाले. तांब्या उचललासुद्धा.

अडवायला मला तोंडच कुठं होतं. यजमान छताकडं बघायला लागले. या घरात त्या माणसाचा हात आजवर कुणी अडवला नव्हता, अगदी सासऱ्यांनीसुद्धा नाही. तांब्या वाकायला लागला होता.

"मोठेबाबा, हात नका लावू."

आवाज चढवला नव्हता त्यानं. पण त्यात विनंतीही नव्हती. त्यानं नुसता आपला हात भांड्यावर आडवा धरला होता आणि तो तसाच होता. आतापर्यंत सर म्हणणारा मुलगा मोठेबाबा कधी म्हणून गेला, हे त्यालाही कळलं नसावं. "हे कोरडंच राहायला पाहिजे. पाणी घातलं की संपलं. मग ते तुमचंही नाही आणि माझंही नाही."

भासरे त्याच्याकडं बघत राहिले. तांब्या हवेतच. मग त्यांनी तांब्या होता तिथं ठेवला, धोतराला हात पुसला आणि मागं सरकून बसले.

"माह्या साहेबानं एकदा माह्या फायलीवर हात टाकला होता," ते म्हणाले. "घाईत होते. मीबी असाच आडवा हात धरला होता." मग म्हणाले, "तेव्हा मी नवीनच होतो. रात्रभर झोप नाई आली."

मुलानं हात काढला नव्हता अजून. भासऱ्यांनी त्याला मानेनं खूण केली की कर तुझं. तेव्हा त्यानं चुरा फळांवर भुरभुरला, भांडं ओव्हनमध्ये ठेवलं, आणि मग बेसिनशी जाऊन उगाच दोनदा हात धुतले.

पाऊण तास लागणार होता. रिकाम्या पोटी भासऱ्यांना बसवायचं नाही म्हणून मी मघाचा तो बदनाम गोळा बाहेर काढला. मैदा, लोणी, साखर, दूध. नीट पाहिलं तर मी शंकरपाळ्यांचं पीठ मळून ठेवलं होतं. लाटलं, कातलं, तळलं. मुलानं एक उचलला, चावला आणि डोळे मिटून खाल्ला, या वेळी बोरासारखं आंबटपणामुळे नाही. भासऱ्यांनी सहा खाल्ले. म्हणाले, हे आपल्याले समजते.

मग ओव्हन उघडला. सफरचंद आणि गुळाचा वास, त्यात बोराचा तो आंबट, रानातला दरवळ. वरचा थर बदामी झाला होता, कुठं कुठं फळांचा रस त्यातून बुडबुडे काढत वर आलेला. मुलानं पहिली बशी भासऱ्यांना दिली. त्यांनी चमचा घातला तेव्हा कुरकुरल्याचा आवाज झाला. तोंडात घातला. चावले. थांबले.

मग तोंडातून काहीतरी काढून बशीच्या कडेला ठेवलं. बोराची बी.

आम्ही सगळ्यांनी यजमानांकडं पाहिलं. "एखादी राह्यते," ते म्हणाले, "बिया काढता काढता डोया लागला असन."

भासऱ्यांनी ती बी चमच्यानं बाजूला सारली आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. बशी रिकामी झाल्यावर पुढं केली आणि मुलानं ती पुन्हा भरली. दुसरीही संपत आली तेव्हा ते मुलीकडं न बघता, मुलाकडंही न बघता, सरळ आपल्या धाकट्या भावाला म्हणाले, "लग्नात हे ठेवजा. जिलेबी मले तसंबी आता चालत नाई."

मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. तिला रडू येत होतं आणि तोंडात शंकरपाळा होता, दोन्ही एकदम जमत नव्हतं. मुलगा बशी हातात धरून उभा, कुठं ठेवावी ते कळत नसल्यासारखा. यजमानांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि उरलेलं खाऊन टाकलं.

मीही पदर डोळ्यांना लावणार होते, तेवढ्यात भासरे उठता उठता माझ्याकडं वळले.

"पण बाईले," ते म्हणाले, "लग्नाच्या दिवशी आचाऱ्याच्या पिठाजवळ जाऊ नका देजा. इले दुसरं काई काम द्या. पाहुण्याइले कुंकू-अक्षता वाटाले लावा."

"आन् तुम्हाले, दादा?" यजमानांनी विचारलं. तांब्याकडं बघत.

भासरे दारापाशी थांबले. चपला घालताना बराच वेळ घेतला.

"मले बी तिच्याच बाजूले बसवजा," ते म्हणाले.